नेणार का देणार?

केयूर पहिल्याच भेटीत माझ्या पाया पडला आणि तिथेच मला त्याचा तिटकारा आला. आम्ही सांडोरचे ख्रिस्ती. आमच्यात थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात, वाकून पायांना हात लावत नाहीत. पण याला कुणीतरी पढवून पाठवलं असावं की म्हातारी दिसली की वाकायचं. आणि वाकला तेव्हा त्याचे डोळे माझ्या पायांकडे नव्हतेच. ते माझ्या पाठीमागे वाडीत फिरत होते, केळींवरून, विहिरीवरून, पार कुंपणापर्यंत. मी जन्मभर शाळेत मुलं शिकवली आहेत. दुसऱ्याच्या डब्यात डोकावणारं पोर मला लांबून ओळखू येतं.

"आंटी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," तो म्हणाला.

"काय ऐकलंय?"

त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तो नुसताच हसला. दात फार पांढरे होते.

तो कशाला आला होता ते सांगते. आमच्या इथे विद्यापीठाचं मेडिकल सेंटर आहे, कॉलेज आणि इस्पितळ एकाच आवारात. तिथे देणग्या गोळा करणाऱ्या विभागाला नवा प्रमुख नेमायचा होता. पूर्वी हा विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि जीना नावाची आमच्यातलीच एक मुलगी. आता विद्यापीठाला एकदम मोठं व्हायचं होतं, म्हणून पदाला चीफ ॲडव्हान्समेंट ऑफिसर असं नाव दिलं. मी जीनाला म्हटलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, मावशी, देणग्या मागणाऱ्यांचा प्रमुख. मग तसं म्हणा की मेल्यांनो. नाव मोठं, लक्षण खोटं.

केयूर त्या जागेचा उमेदवार होता, आणि नेमणुकीसाठी समिती होती. सेंटरचे डीन डॉक्टर रामचंद्र म्हात्रे, एचआरची राधिका, मुंबईहून येणारे एक विश्वस्त, आणि मी. मी 'समाजाची प्रतिनिधी'. चहा प्यायचा, बिस्कीट खायचं आणि मान डोलवायची, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

मला तिथे घेतलं ते मुलांच्या वॉर्डामुळे. कॅथरिन, माझी एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची असताना डेंग्यूने गेली. तेव्हा आमच्या भागात लहान मुलांसाठी धड एक खाट नव्हती. मुंबईला नेताना गाडी घोडबंदरच्या रस्त्यावर अडकली आणि माझ्या मांडीवरच ती गार झाली. पुढे सेंटरने मुलांचा वॉर्ड काढायचं ठरवलं, पण त्यांच्याकडे पैसा नव्हता. जीना तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. ती पाचूबंदर, सांडोर, सगळीकडे घरोघर फिरली. एकेक खाट द्या म्हणाली, तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने. पितळेची पाटी लागेल, आणि ती कधीही निघणार नाही. तिने तसा शब्द दिला, आणि तिच्या शब्दावर लोकांनी दिलं. मी माझ्या लग्नातल्या पाटल्या दिल्या. डॉक्टर रामचंद्रांच्या घरच्यांनी त्यांच्या वडिलांच्या नावाने दिली. जीनाच्या आईने, सेलिनने, नवऱ्याच्या नावाने दिली. सेलिनचा नवरा होडी घेऊन समुद्रात गेला तो परत आलाच नाही. त्याला दफनभूमीत जागा नाही, थडग्यावर कुरूस नाही. या जगात त्याचं नाव लिहिलेली एकच जागा आहे, ती पाटी.

मी दर महिन्याला चिंच घेऊन वॉर्डात जाते आणि कॅथरिनची पाटी घासते. खाटेवर जे कुणाचं पोर असेल ते विचारतं, ही कॅथरिन कोण? मी सांगते, तुझी ताई. पोराला ते पटतं. माझा नवरा लॉरेन्स मात्र त्या वॉर्डाची पायरी कधी चढला नाही. त्याला जमत नाही, आणि मी कधी आग्रह केला नाही.

प्रमुखाच्या जागेसाठी जीनानेही अर्ज केला होता. ती आली तर पाट्या राहतील, दुसरा कोण आला तर सांगता येत नाही. माझं सगळं गणित एवढंच होतं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

मुलाखतींच्या आधी केयूरला 'समाज समजून घ्यायचा' होता. म्हणून तो ऑक्टोबरात आमच्या आगेराला आला, सुगीच्या सणाला. कडक इस्त्रीचा झब्बा, गळ्यात कुणीतरी घातलेली झेंडूची माळ. नव्या भाताच्या लोंब्या आल्तारावर, म्हणजे वेदीवर ठेवतात, मिस्सेची प्रार्थना होते आणि मग देवळाच्या पटांगणात लिलाव. ज्याच्या घरी जे पिकलं ते टेबलावर येतं. केळीचा लोंगर, भोपळा, कोंबडा, सुकेळीची पुडकी. लिलाव लॉरेन्स पुकारतो. तरुण होता तेव्हापासून तोच. घरी दोन वाक्यं बोलायला त्याला जड जातं, पण हातात माइक आला की बाप्या वेगळाच.

"एक वार, दोन वार, तीन वार!" झालं की लॉरेन्स विचारतो, "नेणार का देणार?" घेणारा ओरडतो, "देणार!" की लोंगर पुन्हा टेबलावर, पुन्हा बोली. असा एकच लोंगर चारपाच घरांच्या हातून फिरतो आणि पैसे गरिबांच्या पेटीत जातात. शेवटी ज्याला खरंच हवा असतो तो म्हणतो, "नेणार." त्यालाही कुणी नाक मुरडत नाही. घेतला त्याचा हक्क. आणखी एक रिवाज आहे, तो कुणी कुणाला शिकवत नाही. एखाद्याने आपल्या मेलेल्या माणसासाठी बोली लावली की बाकीचे हात खाली घेतात.

सेलिन दर वर्षी लिलावातली मोठी मेणबत्ती घेते. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नेऊन लावते, तिच्या नवऱ्यासाठी. सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या दिवशीही तिने हात वर केला, बोली लावली, आणि पटांगण गप्प झालं. लॉरेन्स "एक वार" म्हणाला, तोच मागून आवाज आला, दुप्पट रकमेचा. केयूर. हात उंच, तोंडभर हसू.

लॉरेन्सने त्याच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. याला वाटलं लॉरेन्स त्याला चेव देतोय. सेलिनने थोडं वाढवलं, याने पुन्हा चढवलं. दोनशे माणसं त्याच्याकडे वळून बघत होती आणि त्याला वाटत होतं, वा, आपण रंगत आणली. सेलिनने हात खाली घेतला.

"नेणार का देणार?" लॉरेन्सने पडलेल्या आवाजात विचारलं.

"देणार, देणार!" केयूरने चहूकडे वळून नमस्कार केले.

लॉरेन्सने घाईघाईने मेणबत्ती सेलिनपुढे धरली. ती म्हणाली, "आता नको. उष्टी झाली ती." आणि टोपली उचलून निघून गेली.

शेणात पाय पडला की माणूस निदान धुऊन काढतो. हा शेणात उभा राहून टाळ्यांची वाट बघत होता. पण त्याला त्या मेणबत्तीचं काहीच नव्हतं. तो लिलाव संपल्याबरोबर लॉरेन्सला चिकटला. "अंकल, म्हणजे एकच केळी तुम्ही पाच वेळा विकली? आणि लोक खुशीने परत देतात?" लॉरेन्स फुशारून त्याला सगळं समजावत बसला, आमच्या आजोबांपासून कसं चालत आलंय ते. केयूर ऐकत होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता, लोंगराचे, लॉरेन्सचे, पेटीचे.

मुलाखती डीनच्या केबिनमध्ये झाल्या. जीना आधी आत आली. साधा ड्रेस, हातात एक कागदही नाही. कुठल्या घराने काय दिलं, कुठल्या घराला आता काय अडचण आहे, फुलपाड्याच्या कुठल्या सोसायट्यांत नव्याने विचारता येईल, ती सांगत गेली. विश्वस्त मोबाइल बघत होते. राधिकाने विचारलं, "पण जीना, तुझं व्हिजन काय?" जीना जरा गोंधळली. म्हणाली, "लोकांनी दिलंय ते सांभाळायचं, मग पुढचं मागायचं." राधिकाने काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून ते चांगलं नव्हतं.

मग केयूर. त्याने पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते माझ्या नवऱ्याचं. लॉरेन्स, तोंड उघडं, हातात लोंगर.

"सर, हा माणूस बघा," केयूर म्हणाला. "एक प्रॉडक्ट पाच वेळा विकतो, आणि कस्टमर टाळ्या वाजवतो."

सगळे हसले. मी माझ्या नवऱ्याच्या उघड्या तोंडाकडे बघत बसले.

पुढचं चित्र खाटेचं होतं. पितळेची पाटी चकचकत होती, मीच चार दिवसांपूर्वी घासलेली. कॅथरिन लोपीस.

"आता आपल्याकडे बघा. वॉर्डभर खाटा, पण एकेक खाट एकेकदाच विकलेली. नाव लागलं की विषय संपला. जागा अडकली. आणि सर, खरं सांगायचं तर मेलेला माणूस रिन्यू करत नाही."

हे वाक्य त्याने हसत म्हटलं. विश्वस्तही हसले. मी आजवर घाण खूप पाहिली आहे. नायगावच्या पुलाखालची पाहिली, बाजार उठल्यावरची मासळीबाजारातली पाहिली. पण माणसाच्या तोंडातून असं काही इतक्या सफाईने बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

"आंटींच्याच गावाची परंपरा आहे," तो माझ्याकडे वळला. "घ्यायचं आणि परत द्यायचं. आम्ही फॅमिलीजना विनंती करू, खाट परत द्या. जुन्या पाट्या एका भिंतीवर सन्मानाने लावू. खाटेला दर वर्षी नवीन नाव. आंटी, तुम्ही सुरुवात केलीत तर बाकीचे मागून येतील."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला बोलावतोयस मला," मी म्हणाले. "आणि वर सुरुवात मीच करू?"

"लुईझाताई," डॉक्टर रामचंद्र मऊ आवाजात म्हणाले, "भावना आम्ही समजू शकतो."

"डॉक्टर, तुमच्या वडिलांची पाटी आहे तिथे. तुम्ही कसल्या भावना समजताय?"

ते जरा चमकले. मग म्हणाले, "भिंतीवर लागेल की. सगळ्यांची एकत्र. छानच दिसेल." असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. स्वतःच्या बापाचं नाव उपटायला निघालेला माणूस, आणि चहात साखर कमी म्हणून त्याने तोंड वाकडं केलं.

केयूरसाठी हात वर झाले. तीन त्यांचे. माझा खालीच राहिला. राधिकाने लिहून टाकलं, 'एकमताच्या जवळपास'.

घरी आले तर लॉरेन्स ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसला होता, आणि गुणगुणत होता. केयूरचा फोन माझ्या आधी येऊन गेला होता. जानेवारीत सेंटरच्या मैदानात मोठा कार्यक्रम, हार्वेस्ट गाला. मुंबईचे पाहुणे. लिलाव पुकारायचा लॉरेन्सने.

"तो पडद्यावर तुला दाखवून हसत होता," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

लॉरेन्सने हातातली शेंग सोलून ताटात टाकली. मग म्हणाला, "अगं, पण आपण लोंगर परत देतोच ना? तसंच समज. दुसऱ्या कुणाचं नाव लागेल, अजून पैसे येतील, अजून चार पोरं वाचतील. त्यात वाईट काय?"

"लोंगर मी परत देते, माझ्या हाताने. हा माझ्या हातातून हिसकावतोय."

"नाव काय पितळेत असतं, लुईझा?"

"मग तुझ्या आईच्या थडग्यावरचा दगड काढून देऊ का त्याला? तिथेही जागा अडकलीय."

तो शेंगा तशाच टाकून वाडीत गेला. मला त्याचाही राग आला, खोटं कशाला सांगू. माइकचा मोह वाईट. त्या एका माइकपुढे त्याला आपलं पोर दिसत नव्हतं, असंच मला त्या दिवशी वाटलं.

नाताळानंतर मी वॉर्डात गेले. पाटी नव्हती. खाटही नव्हती. तिच्या जागी नवीकोरी खाट, चाकांची, आणि तिच्यावर प्लास्टिकचा फलक. जूचंद्रच्या एका नव्या गृहसंकुलाची जाहिरात, 'बुकिंग सुरू आहे', आणि मोबाइलने टिपायचा चौकोन. त्या फलकाखाली एक पोर सलाइन लावून झोपलं होतं. मी त्याच्या आईकडे बघितलं. तिला वाटलं मी जागा विचारायला आलेय. "टू बीएचके महाग आहे म्हणे," ती म्हणाली.

जीना जिन्यात भेटली. तिला केयूरच्या हाताखाली ठेवली होती. माझ्या नजरेला नजर देईना.

"खाटा परत मागायला सगळ्या घरांना फोन करायला लावला त्यांनी," ती म्हणाली. "मावशी, तुमचा नंबर मी लावायचे आणि कट करायचे. मग त्यांनी सांगितलं, राहू दे, लोपीस फॅमिलीचं मी बघतो."

"पाट्या कुठे आहेत?"

"स्टोअरमध्ये. सलाइनच्या खोक्यांखाली."

"आणि भिंत?"

जीना माझ्या बाजूने पायऱ्या उतरून गेली.

मी कार्यक्रमाला जाणारच नव्हते. सेलिन घरी आली आणि म्हणाली, चल. मला मासळीची टोपली घेऊन बसायला सांगितलंय, फोटोला. बघू तरी कोनाचा बाजार हाय तो.

मैदानात पुढे पांढरे सोफे, त्यांवर मुंबईचे पाहुणे. मागे आम्ही, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गावच्या बायकांना लुगडी नेसून या असं कळवलं होतं, म्हणून बऱ्याच जणी तशा आल्या होत्या. सेलिनला दाराशी बसवलं, टोपलीत बर्फाशिवाय पापलेटं. पाहुणे येता-जाता तिच्याशेजारी वाकून फोटो काढत होते आणि फोटो निघाल्यावर नाकाला रुमाल लावत होते. आमची स्वतःची रीत तिथे सजवून मांडली होती, आणि ती आमची वाटत नव्हती. उसन्या कपड्यांत घरचं माणूस दिसावं तशी दिसत होती.

लॉरेन्स मंचावर आला. त्याला कुणीतरी लाल जाकीट घातलं होतं. राजेळी केळ्यांचा लोंगर आमच्याच वाडीतला. बोली लागली, "नेणार का देणार?", "देणार!", टाळ्या. सोफ्यावरच्यांना तो खेळ फार आवडला. ते "देणार" म्हणायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. भोपळा झाला, कोंबडा झाला. लॉरेन्सला घाम आला होता, पण गडी खुशीत होता.

मग केयूरने माइक घेतला. पडदा सरकला. मंचावर खाट होती. लोखंडी, जुनी, पांढरी चादर घातलेली, चारी कोपऱ्यांना गुलाबी फिती. उशाकडच्या पट्टीवर चार भोकं, पाटी उपटल्याची. डावीकडच्या पायावर कुणा पोराने खिळ्याने पतंग कोरलेला. तो पतंग मी दर महिन्याला बघत होते.

"लेडीज अँड जेंटलमेन," केयूर म्हणाला. "नऊ वर्षांची कॅथरिन. वेळेवर एक बेड मिळाला नाही म्हणून आईच्या मांडीवर गेली. हा तिचा बेड. आज या बेडला नवीन नाव मिळणार आहे. आणि हा लिलाव कोण करतंय माहितीये? कॅथरिनचे स्वतःचे वडील."

सोफ्यांवरून 'ओह' असा आवाज उठला. मोबाइल वर झाले. सगळ्यांना लॉरेन्सचा चेहरा टिपायचा होता.

लॉरेन्सला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. ते त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. त्याने ती खाट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तो हळूहळू उशाकडे गेला आणि त्या चार भोकांकडे बघत राहिला. केयूर त्याच्या कानाशी लागला, "अंकल, इमोशनल आहे, मस्त आहे, आता सुरू करा." माइक चालूच होता. ते शब्द सगळ्या मैदानाने ऐकले.

जूचंद्रच्या संकुलवाल्याने सोफ्यावरून हात वर करून मोठी रक्कम सांगितली. टाळ्या पडल्या. लॉरेन्सच्या तोंडातून "एक" एवढंच निघालं.

मी उभी राहिले.

"पाटल्या," मी ओरडले.

सगळे मागे वळले.

"माझ्या लग्नातल्या पाटल्या. ही माझी बोली. आगाऊ दिलेली आहे."

केयूर हसत म्हणाला, "आंटी, सो स्वीट, पण सरांची बोली जास्त..." संकुलवाल्याने पुन्हा हात वर केला, आता आणखी वरची रक्कम सांगायला. मागच्या खुर्च्यांवरचे आमचे लोक सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. एकही हलला नाही.

लॉरेन्सने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा आवाज आला, असा की स्पीकर खरखरला.

"पाटल्या एक वार. पाटल्या दोन वार. पाटल्या तीन वार. दिली!"

संकुलवाल्याचा हात हवेतच राहिला.

"लुईझा," लॉरेन्स म्हणाला, आणि या वेळी त्याने माइक खाली घेतला होता. "नेणार का देणार?"

"नेणार."

केयूर लगबगीने खाली आला. चेहऱ्यावर हसू तसंच, पण डोळे पुढच्या सोफ्यांकडे. "आंटी, हे सिम्बॉलिक आहे. आणि तुमच्यात तर परत द्यायचं असतं ना? अंकलनीच सांगितलंय मला."

"देणाऱ्याच्या मनात असेल तर," मी म्हणाले. "तू तेवढंच ऐकायचं विसरलास."

डॉक्टर रामचंद्र पहिल्या सोफ्यावर होते. मी त्यांच्यासमोरून मंचावर गेले. ते बुटांकडे बघत होते.

मी फिती सोडल्या. लॉरेन्सने लाल जाकीट काढून माइकवर टाकलं आणि उशाकडची एक बाजू धरली. दोघांना खाट हलेना, लोखंड जुनं आणि जड. तेवढ्यात सेलिन दारातून आली, टोपली तिथेच टाकून. पापलेटं पांढऱ्या गालिच्यावर पसरली होती. "बघत काय बसलाव? हात लावा कोनीतरी," ती म्हणाली, आणि स्वतःच पायथ्याची बाजू धरली. चौथा पाय जीनाने धरला. तिच्या गळ्यात सेंटरचं ओळखपत्र होतं. ते खाटेच्या कडेत अडकलं, तिने ते गळ्यातून काढून तिथेच सोडलं.

आम्ही चौघं खाट घेऊन त्या सोफ्यांमधून बाहेर पडलो. कुणी टाळी वाजवली नाही. मोबाइल मात्र चालू होते. सेलिनच्या मासळीच्या टेंपोत खाट चढवली, आणि घरी येईपर्यंत तिला कोळंबीचा वास लागला.

आता ती आमच्या पडवीत आहे. जीनाची नोकरी गेली. केयूरची गेली नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. त्याला म्हणे त्या व्हिडिओमुळे आणखी दोन संस्थांची बोलावणी आली. पण बाकीच्या घरांनी खाटा परत द्यायला नकार कळवला आहे, आणि सेलिन रोज सकाळी बाजाराआधी डीनच्या केबिनबाहेर टोपली घेऊन बसते. काही मागत नाही. नुसती बसते. केबिनला वास येतो म्हणे.

डॉक्टर रामचंद्रांचा मला अधूनमधून फोन येतो. लुईझाताई, ती खाट संस्थेची मालमत्ता आहे, परत द्या. मी विचारते, पाट्या लावल्या का? ते म्हणतात, प्रोसेस चालू आहे. मी म्हणते, मग माझंही मन अजून तयार होतंय.

काल मी देवळातून आले तर लॉरेन्स पडवीत खाटेपाशी गुडघ्यांवर बसला होता. शेजारी वाटीत चिंच भिजत घातलेली. मी दर महिन्याला घेऊन जाते ते त्याने इतकी वर्षं बघितलं होतं, कधी विचारलं नव्हतं. घासायला पाटी नव्हती. तो ती चार भोकं घासत होता.